डोक्याचा मुका मार आणि विसराळूपण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'मुका मार' हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द आहे. रक्त नाही, हाड मोडलेले नाही, पण आत ठणका आहे, असा हा मार. पाठीला किंवा मांडीला लागला तर निदान काळानिळा डाग तरी उमटतो. डोक्याच्या आत बसलेल्या मुक्या माराची बाहेर काहीच खूण नसते. डॉक्टर त्याला 'कन्कशन' म्हणतात, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. या हादऱ्यानंतर काहींच्या मागे विसराळूपण लागते. ते का येते आणि त्यावर काय करता येते, हे आज पाहू.

समजा, चाळिशीतल्या एका गृहस्थांची स्कूटर पावसात घसरली आणि डोके दुभाजकावर आपटले. क्षणभर अंधारी आली, एक उलटी झाली. रुग्णालयात सीटी स्कॅन काढला, तो 'नॉर्मल' आला. एक रात्र देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी पाठवले. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण तीन महिने उलटले तरी ते गॅसवर दूध ठेवून विसरतात. फोन खाली ठेवला की निरोप काय होता ते आठवत नाही. कचेरीत बेरजा चुकतात. साहेब म्हणतात, "अहो, तुमचा स्कॅन तर चांगला आहे ना?" घरचेही म्हणू लागतात, "मनावर घेऊ नका." आणि त्या माणसाला आतून वाटू लागते, आपल्याला वेड तर लागत नाही ना?

मोडलेले हाड आणि मेंदूतला रक्तस्राव शोधण्यात सीटी स्कॅन वाकबगार आहे. हादऱ्याने होणारा बिघाड मात्र बहुतेक वेळा त्याच्या नजरेत येत नाही. मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, पेशींच्या आतबाहेर असलेल्या क्षारांचा समतोल ढळतो आणि तो सावरण्यात पेशींची बरीच शक्ती खर्च होते. वायरिंग शाबूत, पण विजेचा दाब कमी, अशी ही अवस्था म्हणता येईल. स्कॅन नॉर्मल येणे ही आनंदाची बातमी खरीच, पण तो बरे झाल्याचा दाखला नव्हे. बहुसंख्य लोक काही आठवड्यांत पूर्ववत होतात. काहींच्या तक्रारी तीन महिन्यांपलीकडेही रेंगाळतात.

आता स्मरणाकडे वळू. कोणतीही गोष्ट आधी मनात नोंदली जाते, मग साठते आणि नंतर आठवते. हादऱ्यानंतर बहुधा पहिलीच पायरी डळमळते. लक्ष टिकत नाही, म्हणून नोंद होत नाही. आणि जे वहीत लिहिलेच नाही, ते पुढे वाचणार कसे? म्हणूनच अशा माणसाला शाळेतल्या बाकावरचा सोबती आठवतो, पण सकाळी बायकोने सांगितलेले सामान आठवत नाही. अपघाताच्या आसपासची काही मिनिटे तर कायमची कोरी राहू शकतात. ती आठवावीत म्हणून रुग्णाला खोदून खोदून विचारू नये.

तेव्हा उपचाराचा पहिला प्रश्न असा : लक्ष कशामुळे उडते आहे? इथे बरेच काही करण्यासारखे असते. झोप मोडत असेल तर आधी झोपेची घडी बसवावी. डोकेदुखी असेल तर तिच्यावर रीतसर उपचार घ्यावेत. रोज मनानेच वेदनाशामक गोळ्या घेत राहिले, तर त्या गोळ्यांनीच डोके दुखत राहू शकते. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी स्मरण मंदावते, म्हणून चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. चक्कर येत असेल तर मान आणि अंतर्कर्ण तपासून घ्यावा, त्यासाठी खास व्यायाम असतात. चिंता, चिडचीड, उदासी यांवर समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषध, दोन्ही उपयोगी पडतात. दारू पूर्ण बंद ठेवावी. केवळ या विसराळूपणावर खात्रीने लागू पडेल असे औषध मात्र आजही उपलब्ध नाही. तेव्हा बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी विचार करावा.

विश्रांतीबद्दलचा सल्ला आता बदलला आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहायला सांगत. खेळातल्या अशा दुखापतींवर २०२२ साली ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती आणि मग चालण्यासारखा हलका व्यायाम, असे तिचे मत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१९ साली १०३ किशोरवयीन खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात झेपेल इतका दमसाचा व्यायाम करणारी मुले साधारणपणे १३ दिवसांत बरी झाली. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. व्यायामाने त्रास किंचित वाढला आणि तासाभरात ओसरला तर घाबरू नये. जास्त वाढला तर त्या दिवशी थांबावे. पुन्हा डोके आपटण्याचा संभव असलेले खेळ मात्र डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वर्ज्य.

एवढे करूनही विसर पडत राहिला तर मेंदुविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रीय चाचण्या कराव्यात. लक्ष, वेग, स्मरण यांपैकी नेमके काय मागे पडले आहे ते त्यातून कळते. मग त्यानुसार सवयी लावून घ्यायच्या. सगळ्या नोंदी एकाच वहीत करायच्या. चाव्या आणि चष्मा ठरल्या जागीच ठेवायचे. औषधांच्या वेळांसाठी मोबाइलचा गजर लावायचा. निरोप ऐकला की तो मोठ्याने म्हणून दाखवायचा. एका वेळी एकच काम करायचे, अवघड काम सकाळी उरकायचे आणि थकण्याच्या आधीच दहा मिनिटे थांबायचे. या साध्या युक्त्या म्हणजे पांगळेपणाची कबुली नव्हे; पुनर्वसनाचा हा मान्यताप्राप्त भाग आहे. कामावरही एकदम पूर्ण वेळ न जाता आधी अर्धा दिवस जावे, मग हळूहळू वेळ वाढवावी.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा एका बाजूची कमजोरी दिसली तर तडक रुग्णालय गाठावे. वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो. विसराळूपण कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा चाल अडखळू लागली, तर 'वयच झालं आता' म्हणून सोडून देऊ नका. पुन्हा स्कॅन करून घ्या. वेळेवर कळले तर शस्त्रक्रियेने हा त्रास बरा होऊ शकतो.

शेवटी घरच्यांसाठी आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. प्लॅस्टर घातलेल्या पायाला सगळे जपतात, कारण ते डोळ्यांना दिसते. हा माणूस मात्र धडधाकट दिसतो, म्हणून त्याचे विसरणे आळस किंवा सोंग वाटते. त्याच्यावर विश्वास ठेवा. पण त्याची सगळी कामेही काढून घेऊ नका. डॉक्टरांकडे जाताना बरोबर जा आणि अपघाताची तारीख, झोपेचे तास आणि आठवड्यात काय काय विसरले गेले, ते एका कागदावर लिहून न्या. तपासणीच्या खोलीत नेमके हेच सांगायचे त्याच्या लक्षात राहत नसते.