फोन आपला, मर्जी कुणाची?



आधी एक काम करा. खिशातला फोन काढून समोर धरा. बहुतेकांचा अँड्रॉइडच असेल. सर्चची पट्टी, क्रोम, यूट्यूब, मॅप्स... यातलं तुम्ही स्वतः काय निवडलं होतं? डबा उघडला तेव्हा हे सगळं आत येऊन बसलेलंच होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. ते बदलता येतं, पण फार थोडे लोक बदलतात. म्हणूनच मोठ्या कंपन्या त्या जागेसाठी भांडतात. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत इंटरनेट एक्सप्लोरर फुकट दिला आणि नेटस्केपचा बाजार बसला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश अपिलात टिकला नाही. पण मक्तेदारी राखण्यासाठी कंपनीने कायदा मोडला, हा ठपका कायम राहिला.

मोबाईलवर हेच नव्या रूपात आलं. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही फुकट वापरावा. मग अडतं कुठे? प्ले स्टोअरपाशी. ते खुलं नाही. फोन बनवणाऱ्यांना ते हवं असेल तर गूगलशी करार करावा लागे: आमची बाकीची अ‍ॅपही घ्या, ठरवून दिलेल्या जागी ठेवा, आणि अँड्रॉइडमध्ये आपले फेरफार केलेले फोन विकू नका. प्ले स्टोअर नसलेला फोन दुकानात कोण विचारणार? म्हणून सगळे सही करत.

याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०१८ मध्ये अर्ज गेला. तो कोणा बड्या कंपनीचा नव्हता. अर्जदार होते तीन तरुण: दोघं आयोगातच कनिष्ठ पदावर संशोधनाचं काम करणारे, एक कायद्याचा विद्यार्थी. २०१९ मध्ये चौकशीचा आदेश निघाला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारल्यावर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की, भारतात नव्या फोनवर सर्च इंजिन निवडता येईल आणि कंपन्यांना हवी तेवढीच अ‍ॅप घेता येतील.

सगळंच मिळालं असं नाही. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीच टाकलेली अ‍ॅप काढून टाकता यावीत, हा त्यातलाच एक. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

आपल्या मुलामुलींना मी नेहमी एक वाक्य बोलताना ऐकतो: ‘आपण थोडे, आपलं कोण ऐकणार?’ १९६६ मध्ये हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत निघालेल्या मोर्चात सातच मुस्लिम महिला होत्या. या अर्जावर तीन नावं होती. अर्ज नीट लिहिलेला होता, करार वाचलेले होते, कायद्याचं कलम माहीत होतं. एवढी तयारी आपल्यालाही जमते.

तुमच्यात कुणी कोड लिहितं, कुणी कायदा शिकतं. चहाला तरी एकत्र बसा. आणि आज घरी गेल्यावर फोनची सेटिंग उघडा. एक तरी डिफॉल्ट स्वतः ठरवा.