स्मृतिभ्रंश आणि घरचें माणूस

भांडुप स्टेशनाच्या पश्चिमेस टेंभीपाडा, कोकणनगर ही वस्ती डोंगराच्या अंगानें चढत गेली आहे. तेथील एखाद्या घरांतले वृद्ध गृहस्थ रोजच्या दुकानांतून दूध घेऊन निघावेत आणि घराची वाट त्यांना सुचूं नये, असें घडलें म्हणजे घरचीं माणसें म्हणतात, “वय झालें, दुसरें काय?” या एका वाक्यापायीं कित्येक रुग्णांच्या उपचाराचा आरंभकाळ फुकट जातो.

लग्नांत भेटलेल्या पाहुण्याचें नांव न आठवणें ही वार्धक्याची खूण होय. कालच्या लग्नास आपण गेलों होतों हेंच न आठवणें ही निराळी गोष्ट. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं ज्या विकृतीचें वर्णन केलें व जिला पुढें त्यांचेंच नांव मिळालें, तिचा आरंभ पुष्कळदां असाच होतो. मात्र ‘बी-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉईड ग्रंथीची मंदता किंवा मनाचें औदासीन्य यांनींहि स्मृति मंदावते, आणि त्यांवर इलाज असतो. म्हणून प्रथम डॉक्टरी तपासणी आवश्यक. अल्झायमर समूळ बरा करणारें औषध आज नाहीं. औषध, सराव आणि शुश्रूषा करणाऱ्याला आधार, हे तिन्ही उपाय एकत्र योजावे लागतात, व त्यांत तिसऱ्याचीच उपेक्षा होते.

औषधांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. डोनेपेझिलसारखीं औषधें मेंदूंतील एका संदेशवाहक द्रव्याचा नाश मंद करतात. त्यामुळें कांहीं रुग्णांचें नित्याचे व्यवहार कांहीं काळ ठीक चालतात. रोग थांबत नाहीं. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणें हे त्रास संभवतात. पण गोळी घेतली कीं नाहीं हेंच ज्याला आठवत नाहीं, तो रुग्ण हें कोठून सांगणार? तें घरच्या माणसानेंच पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत २०२३ सालीं पूर्ण मान्यता मिळालेलें लेकानेमॅब रोगाची गति किंचित् मंद करतें, परंतु त्यानें मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

सरावाविषयीं गैरसमज फार आहेत. शब्दकोडीं सोडविलीं, पाढे म्हणून घेतले, कीं गेलेली स्मृति परत येईल असें पुष्कळांस वाटतें. ब्रिटनमध्यें प्राध्यापिका लिंडा क्लेअर व सहकाऱ्यांनीं प्रारंभींच्या अवस्थेंतील ४७५ रुग्ण घेऊन केलेला प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या रुग्णांकडून, त्यांना स्वतःला जें काम जमावेंसें वाटत होतें तेंच निवडून, तीन महिन्यांत दहा भेटींत सराव करून घेण्यांत आला. निवडलेलीं कामें सुधारलीं. एकंदर स्मरणशक्ति मात्र सुधारली नाहीं. ज्यांना दूध आणणें हेंच हवें आहे, त्यांना पाढे कशाला? रस्ता रोज एकच ठेवावा. पिठाच्या गिरणीपाशीं उजवीकडे, देवळापाशीं वर, अशा दोनच खुणा बिंबवाव्या. आरंभीं कोणीं तरी बरोबर चालावें, मग दहा पावलें मागून. चुकूं देऊन सुधारण्यापेक्षां चुकूंच न देणें येथें बरें. “ओळखा पाहूं, मी कोण?” असें नातलग हटकून विचारतात. परीक्षा घेण्याची ही हौस शाळेंतहि फारशी फलदायी नसते. येथें तर ती निव्वळ छळ होय. “बाबा, मी तुमची धाकटी,” असें आधींच सांगावें.

परंतु दहा पावलें मागून चालणार कोण? बहुधा सून, नाहीं तर पत्नी. तिच्याच हातीं गोळ्यांची डबी, तिच्याच वांट्यास रात्रीचें जागरण. गोव्यांत डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनीं केलेला प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला, त्याचें मोल येथें कळतें. ८१ कुटुंबांपैकीं सुमारें निम्म्यांच्या घरीं, थोडें प्रशिक्षण मिळालेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने, निदान पंधरवड्यांतून एकदां, जात. रोग समजावून देत, रुग्णाला कसें सांभाळावें तें सांगत, गरज पडल्यास मानसरोगतज्ज्ञाचा सल्ला मिळवून देत. शुश्रूषा करणाऱ्यांचें मनःस्वास्थ्य स्पष्टपणें सुधारलें. रुग्णांच्या वागण्यांत मात्र निश्चित म्हणावा असा फरक पडला नाहीं. ह्यावरून कोणी तो प्रयोग निष्फळ ठरवील, तर तें चुकीचें होईल. ती सून खचली कीं गोळी चुकते, सराव बंद पडतो, आणि म्हातारा दिवसभर खाटेवर बसून राहतो. म्हणून डॉक्टरांनीं रुग्णाची नाडी पाहतांना तिलाहि “झोंप किती होते?” असें विचारावें, आणि डोंबिवलीस राहणाऱ्या थोरल्या मुलानें रविवारीं नुसतीं फळें घेऊन येण्याऐवजीं बाबांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळावें व तिला माहेरीं जाऊं द्यावें.