डॉक्टर बदला, उपचार सोडू नका

(जासई येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



लोकनेते दि. बा. पाटील यांच्या जन्मगावी बोलताना मनावर थोडे दडपण येते. जानेवारी १९८४ मध्ये या पंचक्रोशीतील शेतकऱ्यांनी सरकारला जाब विचारला, पाच जणांनी प्राण दिले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क पदरात पडला. शासनाला प्रश्न विचारणारा हाच माणूस डॉक्टरांच्या टेबलासमोर बसला की मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटते. अर्थात हे केवळ जासईचे नव्हे. पुण्याच्या प्राध्यापकांचेही मी तसेच होताना पाहिले आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. औषधांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. माझा विषय एवढाच आहे की, कर्करोगाचे उपचार चालू असताना डॉक्टरांशी सूर जुळेनासा झाला तर रुग्णाने काय करावे?

आपल्याकडे दोन वाटा रूढ आहेत. एक म्हणजे मुकाट्याने सोसणे. दुसरी अधिक घातक, ती म्हणजे तिसऱ्या-चौथ्या केमोनंतर घरी बसणे. मग कोणी मुळी आणून देतो, कोणी देवरुषाचे नाव सुचवतो आणि चार महिन्यांनी गाठ पुन्हा हाताला लागते. डॉक्टर बदलण्याची तिसरी वाट कोणाच्या मनात येत नाही. आली तरी भीड आड येते. “अमक्याने शब्द टाकला म्हणून तर नंबर लागला”, “साहेब रागावतील”, “उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जावे लागले तर?”

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, स्तनाचा कर्करोग झाला. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. डॉक्टर ज्ञानी होते, यात शंका नाही. पण ते बोलत ते माझ्या भाच्याशी. अक्का समोर बसलेली असे, तरी तिच्याकडे मान वर करून पाहत नसत. पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, पदराला पिन लावता येईना. तिने धीर करून सांगितले. “सगळ्यांनाच होते,” एवढेच उत्तर मिळाले. घरी आल्यावर तिने जाहीर केले, आता पुढची केमो नाही. मृत्यूची भीती तिला नव्हती. त्या खोलीत पुन्हा जाण्याची होती.

आम्ही कागद गोळा करून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि पहिला प्रश्न तिलाच विचारला. तिला मधुमेह आहे, त्यामुळे मज्जातंतूंना आधीच त्रास असू शकतो, हे लक्षात घेऊन त्यांनी औषधाची मात्रा कमी केली. औषध तेच, क्रम तोच. आधीच्या डॉक्टरांविषयी त्यांनी एक वावगा शब्द उच्चारला नाही. अक्काने राहिलेल्या सर्व केमो पूर्ण केल्या.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. रुग्णाच्या गुणांत वैद्याची आज्ञा पाळणे येते, तसेच निर्भयपणा आणि ‘ज्ञापकत्व’ही येते. ज्ञापकत्व म्हणजे आपला त्रास नीट सांगता येणे. आपण आज्ञापालन तेवढे लक्षात ठेवले! आणि रुग्णाने सांगायचे, तर ऐकणाराही हवा.

शरद पवारांच्या राजकारणाशी माझे कधी जुळले नाही, पण त्यांचे उदाहरण येथे द्यायलाच हवे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास त्यांना तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. एका डॉक्टरांनी सहाच महिने हाती आहेत, राहिलेली कामे उरकून घ्या, असे सुनावल्याचे त्यांनीच जाहीर भाषणात सांगितले आहे. सल्ल्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले, तर तेथील तज्ज्ञांनी त्यांना भारतातल्याच तज्ज्ञांकडे जायला सांगितले. पुढे केंद्रीय कृषिमंत्रिपद सांभाळत त्यांनी उपचार पूर्ण केले. या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली. पवारांची साधने सर्वांकडे नसतात, हे खरे. परंतु एकाने निराश केले म्हणून त्यांनी उपचारांकडे पाठ फिरवली नाही, दुसऱ्याला विचारले.

मात्र गोड बोलणारा तो आधार देणारा, असे समीकरण मांडू नका. हमखास बरे करतो, असे म्हणणाऱ्यापासून दूरच राहावे. आणि सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात डॉक्टरांसमोर रांग लागलेली असते. पाच मिनिटांत उठवले म्हणजे आस्था नाही, असे होत नाही. मी एकच कसोटी सांगतो. केमोनंतर रात्री ताप चढला तर कोणाला फोन करायचा, हे विचारा. अशा वेळी शरीरातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो. या प्रश्नाचे सरळ उत्तर जेथे मिळते, तेथे आधार आहे.

बदल करायचे ठरले तर आधी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या, मगच पहिले दार सोडा. मधला खंड रोगाला मानवतो. किरणोपचार अर्ध्यावर असतील, तर ते शक्यतो तेथेच पूर्ण करावेत, कारण त्यांची आखणी त्या यंत्रावर केलेली असते. सोबत केवळ अहवाल पुरत नाहीत. तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही मागून घ्या. नवे डॉक्टर पुष्कळदा निदान पुन्हा पडताळून पाहतात. स्कॅनची सीडी घ्या. कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, याचा तक्ता घ्या. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाची आयुष्यभराची एकूण मात्रा हृदयासाठी मर्यादित ठेवावी लागते. आधी किती गेले हे न कळता पुढचे देणे धोक्याचे असते.

हे कागद मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट नोंदवला आहे.

जासईकरांना लांबही जायला नको. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, पण त्याच टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था खारघरला, म्हणजे तुमच्या शेजारीच आहे. परळला मुक्काम करावाच लागला, तर रुग्ण आणि नातेवाइकांच्या निवासासाठी नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. १९६८ पासून समितीचे काम चालू आहे. तेथे दूरदूरच्या गावांहून आलेली, या वाटेवरून गेलेली माणसे भेटतात, त्यांच्याशी बोला.

निघताना जुन्या डॉक्टरांकडून उपचारांचे सारांशपत्र मागून घ्या. बहुतेक जण देतात, काही नवा पत्ताही सुचवतात. रुग्ण आजी असेल, आई असेल, तर हे पत्र तिलाच मागू द्या. मुलाने मागे उभे राहावे.