नाईट, मालकी आणि एकच मोठा डाव: हसवणाऱ्यांचा हिशोब

मालवणातून बोलतेय.

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "मालवणी रील्स करतो, लोक हसतात, व्ह्यूज पण येतात. नोकरी सोडून पूर्णवेळ ॲक्टिंग करू काय?" विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आसपासचे. घरी आईबाबा आहेत, बाईकचा हप्ता चालू आहे. त्यामुळे "स्वप्नांच्या मागे धाव" टाईप उत्तर मी देणार नाही. मी कोड लिहिणारी बाई, आकडे बघते. आज आपण हसवणाऱ्या दोन मोठ्या माणसांच्या पैशांची गोष्ट बघूया.

आधी एक शब्द समजून घ्या: नाईट. मराठी नाटकात कलाकाराला एका प्रयोगाचे जे पैसे मिळतात, त्यांना नाईट म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. आपल्याकडे दशावतारात तर हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, पावसाळ्याआधी हंगाम संपतो. रात्री रंगमंचावर राजा असलेला माणूस पावसात शेतात चिखलणी करताना दिसतो. टीव्हीवर नाईटच्या जागी दिवसाचा रेट येतो, एवढाच फरक. शिवाय मालिकांमध्ये काम केल्यावर ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत आहे. म्हणजे आज शूटिंग केलं, तर पैसे तीन महिन्यांनी. पण घरमालक तीन महिने थांबत नाही.

आता पहिला माणूस: भगवानदादा. पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. आडनाव ऐकून आपल्याकडच्या कुणाचेही कान टवकारतील, पण जन्म अमरावतीचा, १ ऑगस्ट १९१३. वडील गिरणी कामगार. मूकपटांपासून सुरुवात केली. १९३८ ते १९४९ या काळात त्यांनी कमी बजेटचे मारधाडीचे सिनेमे एकामागून एक दिग्दर्शित केले. कामगार वर्गाला ते आवडायचे. एखादा पडला तरी पुढचा काढता यायचा. त्यातूनच स्वतःची 'जागृती पिक्चर्स' आणि चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला.

मग १९५१ साली 'अलबेला' आला. नायक तेच, दिग्दर्शक तेच, निर्माते तेच. सोबत गीता बाली आणि सी. रामचंद्र यांचं संगीत. सिनेमा तुफान चालला. जुहूला बंगला झाला, दारात गाड्यांचा ताफा उभा राहिला. पण तसं यश पुन्हा आलं नाही. 'झमेला' आला, 'लाबेला' आला, 'हंसते रहना' तर अर्धवटच राहिला. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. पुढची कित्येक वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या सिनेमांत छोट्या भूमिका आणि गाण्यात दोन स्टेप्स करत राहिला. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरच्या चाळीतल्या घरात ते गेले.

लोक या गोष्टीवर "नशीब" म्हणून मोकळे होतात. मला त्यात हिशोब दिसतो. पहिली दहा-अकरा वर्षं त्यांचे डाव लहान होते आणि भरपूर होते. 'अलबेला'नंतर डाव मोठे झाले आणि मोजकेच उरले.

दुसरा माणूस आपल्या तालुक्यातला. मच्छिंद्र कांबळी, गाव रेवंडी, जन्म १९४७. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेल्या 'वस्त्रहरण'चा पहिला प्रयोग १६ फेब्रुवारी १९८० चा. मालवणीत अख्खं नाटक मुंबईत चालेल यावर तेव्हा फार कुणाचा विश्वास नव्हता. सुरुवातीला प्रेक्षकही कमीच. मग पु. ल. देशपांडे यांनी नाटक बघून भरभरून कौतुक केलं आणि बुकिंग वाढायला लागलं. पुढे ते नाटक लंडनला गेलं. प्रयोगांचा आकडा ५,००० च्या पुढे गेला. हिशोबासाठी ३० वर्षं धरा, तरी वर्षाला १६५ हून जास्त प्रयोग होतात. दर दोन-तीन दिवसांनी एक.

पण तात्या सरपंच म्हणून फक्त नाईट घेत राहणं हा एक मार्ग होता. कांबळींनी 'भद्रकाली प्रॉडक्शन्स' काढली. नाव गावच्या देवीचं, भाषा गावची, धंदा स्वतःचा. निर्माता झालं की हिशोब बदलतो. तिकिटांच्या पैशातून थिएटरचं भाडं, जाहिरात, बस, सेटवाले, लेखकाचं मानधन, सगळ्यांच्या नाईट द्यायच्या. उरलं तर तुमचं, कमी पडलं तर तुमच्या खिशातून. सोपं अजिबात नाही.

फरक कुठे आहे बघा. समजा तुमच्याकडे २० लाख आहेत. सगळे एका सिनेमात घातले आणि पहिल्या शुक्रवारी तो पडला, तर शनिवारी हातात शून्य. नाटक उभं करायला समजा ५ लाख लागले आणि एक प्रयोग पडला तर २० हजारांचा तोटा. पुढच्या रविवारी तुम्ही परत उभे. वाक्य बदला, जाहिरात बदला, गाव बदला. आम्ही इंजिनिअर लोक सॉफ्टवेअर असंच सोडतो: थोडं सोडायचं, बघायचं, सुधारायचं.

मालकी दोघांकडेही होती. म्हणून "स्वतःचं प्रॉडक्शन काढ" एवढाच धडा घेतला तर तो अर्धवट आहे. मालकी पाहिजे, पण एका डावात सगळं बुडेल इतका मोठा डाव नको.

अजून एक गोष्ट. कांबळी ३० सप्टेंबर २००७ ला गेले. नाईट माणसाबरोबर संपते. संस्था मात्र राहिली. मुलगा प्रसाद कांबळी यांनी ती पुढे चालवली आणि 'संगीत देवबाभळी' याच 'भद्रकाली'नं रंगमंचावर आणलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ब्रँडच्या एका व्हिडिओचे पैसे म्हणजे तुमची नाईट. ती घ्या, पण आधी करार वाचा: व्हिडिओ किती दिवस वापरणार, पैसे किती दिवसांनी देणार. तुम्ही उभं केलेलं पात्र, चॅनेलचं नाव, लिहिलेली संहिता कुणाला कायमची देऊन टाकू नका. ती तुमची 'भद्रकाली'. सलग वर्षभर महिन्याला किती आले ते वहीत लिहा, आणि सगळ्यात वाईट महिन्याच्या आकड्यावर घर चालतं का ते बघा. चालत असेल तर राजीनाम्याचा विचार करा. नसेल तर शनिवार-रविवार तुमचेच आहेत. आणि गावची जमीन गहाण टाकून सिनेमा काढायचा विचार आला, तर दादरची ती चाळ आठवा.

वाईट महिन्याचा आकडा काढलात की मला मेसेज करा. पुढच्या भागात त्यावरच बोलूया. येतंय मगे.