थंडी दिवाळीच्या आत
(शरद ऋतूतील व्याख्यानमालेत लातूर येथे दिलेले व्याख्यान)



आज मी अंथरूण-पांघरूण, आंघोळीचं पाणी आणि पत्र्याचं छप्पर यांवर बोलणार आहे. हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. मराठवाड्याच्या उन्हाळ्याच्या बातम्या होतात, हिवाळ्याकडे आपलंच लक्ष नसतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा दहा अंशांच्या खाली गेल्याचं पेपरात वाचतो आणि पान उलटतो. दुपारी ऊन चटका देतं, म्हणून निर्धास्त राहतो. पण पहाटे चारला घरातली म्हातारी माणसं उठून बसलेली असतात. झोप पुरी झाली म्हणून ती उठत नाहीत, गारठून उठतात.

आपली थंडी मुख्यतः रात्रीची आणि पहाटेची. तिच्यासाठी अख्खी खोली तापवायची गरज नाही. माणसाच्या अंगाची ऊब अंगाभोवती राहिली, डोक्यावरचं छप्पर आणि पाठीखालची जमीन सांभाळली, की भागतं. याला लागणारं बहुतेक सामान घरातच पडलेलं असतं. फक्त ते दिवाळीच्या आत हाती घ्यावं लागतं.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत इकडे आलं की आत्ता काय दिसतं? सोयाबीनच्या मळण्या उरकत आल्या आहेत, तूर उभी आहे, आणि दुपारचं ऊन सणसणीत आहे. थंडीची तयारी करायची ती याच उन्हात. आपल्या आयाबायांना हे पक्कं ठाऊक होतं. घटस्थापनेच्या आधी घरोघर दसरा काढतात. घरातली यच्चयावत वाकळ-गोधडी बाहेर येते, गोदावरीवर, मांजरेवर, नाहीतर गावच्या ओढ्यावर जाते, आपटून-धोपटून धुतली जाते आणि खडकांवर वाळत पडते. सणाची स्वच्छता म्हणून आपण ते करतो, आणि थंडीचं निम्मं काम त्यातच होऊन जातं. मळलेली, दमट वाकळ ऊब धरत नाही. कापडाच्या थरांमध्ये जी कोरडी हवा अडकते, तीच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. थर घामाने, मळाने एकमेकांना चिकटले की ती हवा संपते, मग कितीही जड पांघरूण घ्या, गार ते गारच.

धुतलेली वाकळ फाटलेली निघाली तर टाकू नका. तिच्यावर नवा थर चढवा. पद्धत तुमच्यापैकी अनेकींना माझ्यापेक्षा चांगली येते, पण इथे तरुण मुलीही बसल्या आहेत, म्हणून सांगतो. ओसरीवर किंवा गच्चीवर एक जुनं सुती लुगडं ताणून अंथरायचं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर मधले थर: विरलेली धोतरं, फाटक्या चादरी, मुलांचे लहान झालेले शर्ट शिवणी उसवून. वर पुन्हा एक धड लुगडं. मग काठापासून धावदोरा घालत आत यायचं, चौकोनात चौकोन, दोन ओळींत बोटभर अंतर. टाका फार आवळायचा नाही, आवळला की हवा गेली. दोघीतिघी बसल्या तर काही दुपारींत वाकळ हातावेगळी होते. वेळ नसेल, तर अशा वाकळी मजुरीवर शिवून देणाऱ्या बायका आपल्या गावागावांत आहेत. बाजारातलं चकचकीत ब्लँकेट घेण्यापेक्षा ती मजुरी त्यांच्या हाती पडू द्या. माल घरचा, पैसा गावात.

एक अडचण खरी आहे. सुती लुगडी आता घरांतून गेली. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडून जमाना झाला, आणि कपाटात आहेत त्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या. त्या वापरू नयेत असं मी म्हणत नाही. त्या मधल्या थरांत घाला, अंगाला लागणारा थर सुती ठेवा. पॉलिस्टर घाम शोषत नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून शेकोटीपाशी वाकळ पांघरून बसणाऱ्या आजोबांना तरी पूर्ण सुतीच द्या.

आता छपराकडे येतो. लातुरात उभं राहून हे बोलताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट टाळता येत नाही. किल्लारीच्या भूकंपाआधी आपली घरं माळवदाची होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्याच भिंती आणि तेच माळवद माणसांच्या अंगावर आलं. हजारो माणसं झोपेत गेली. जुनं घर किती उबदार होतं, असं हळहळून कुणी बोललं की मला ते सहन होत नाही. त्या उबेची किंमत आपण मोजली आहे. पण हेही खरं, की त्यानंतर आलेल्या पत्र्याने आणि स्लॅबने थंडीची वाट बदलली. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडून देतो आणि पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेहूनही गार होतो. खाली झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब तो ओढत राहतो.

याला उपाय स्वस्त आहे. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून कापडाचं छत बांधा. धान्याची रिकामी बारदानं उसवून, उन्हात झटकून, एकमेकांना शिवली की खोलीभर छत होतं. वाश्यांना सुतळीने ताणून बांधलं की झालं. चुलीच्या वर मात्र ते येता कामा नये. कडबा किंवा पाचट वर घालायचा मोह कुणाला होईल, तो टाळा. उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो, आणि आगीची भीती वेगळीच. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी चिंध्यांनी बुजवा, पण चूल असलेल्या खोलीतला झरोका बुजवू नका.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. शहाबादी फरशी उन्हाळ्यात सुख देते आणि हिवाळ्यात पाठ धरते. सतरंजीखाली बारदानाची दुहेरी घडी घाला. बाजेवर झोपणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण विणीतून वारा खालून लागतो आणि वरच्या दोन वाकळी वाया जातात.

पाण्याचा हिशेब जरा सविस्तर करू, कारण पैसा इथे जातो. पंधरा लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला पन्नासेक युनिट निव्वळ आंघोळीची. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणजे ज्या घराचा वापर शंभराच्या पुढे जातो, तिथे हे युनिट महाग दराने पडतात. तेच पाणी सकाळपासून अंगणात, गच्चीवर काळ्या ड्रममध्ये किंवा तांब्याच्या हंड्यात झाकून उन्हात ठेवलं, तर दुपारी थोडक्या विस्तवावर आंघोळीजोगं होतं. लहान लेकरांची आणि म्हाताऱ्यांची आंघोळ दुपारी का नको? सकाळी सहालाच व्हायला हवी, असं काही नाही. बादलीत भागवायला लातूरकरांना मी काय शिकवणार! एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी तुम्ही तांब्या-तांब्याने वापरलंत.

बंबाला तुराट्या, पऱ्हाट्या आपल्याकडे फुकट मिळतात, त्या खुशाल वापरा. पण एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. दारं-खिडक्या लावून शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं खोलीत घेऊन झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. गॅसचा गीझरही बंद न्हाणीघरात बसवू नका, तो बाहेरच्या भिंतीला लावा. काटकसर जिवावर बेतता कामा नये.

खाण्याचं वेगळं शिकवायला नको. डिंकाचे लाडू परवडत नसतील तर जवसाची, कारळाची चटणी आणि तिळकूट यांनी कमी काही होत नाही. बाजरीच्या भाकरीवर गूळ-तेल घ्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात बसून आंबील, भज्जी आणि उंडे खाणाऱ्या लोकांना थंडीचं जेवण माहीत आहे.

शेवटी ज्यांचं घर हिवाळ्यात घरच राहत नाही, त्यांच्याविषयी. मुखेड, कंधार, लोहा या भागांतून आणि आपल्या जिल्ह्यातूनही दिवाळी होताच ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढचे कितीतरी महिने ही कुटुंबं कारखान्याच्या माळावर कोपीत काढतात. पाचटाच्या, नाहीतर प्लास्टिकच्या कागदाच्या त्या कोपीला दार नसतं. बायका पहाटे अंधारातच फडात जातात, लेकरं उसाच्या सरीत झोपवलेली असतात. मागे गावात राहतात ती म्हातारी माणसं, त्यांच्याकडे बंब पेटवून द्यायलाही कुणी नसतं. मी आत्ता सांगितलेलं एकही काम या कुटुंबांना घरी बसून करता येत नाही, त्यांना तयार वाकळ हातात मिळाली तरच उपयोग.

तेव्हा या सभागृहातल्या प्रत्येक घराने यंदा एक वाकळ जास्तीची शिवावी किंवा शिवून घ्यावी. धुतलेली, उन्हात वाळवलेली, अंगाकडून सुती. आपल्या ओळखीच्या मुकादमाकडे किंवा थेट त्या कुटुंबाकडे ती द्या, आणि मागे राहिलेल्या आजीच्या घरी बारदानाचं छत बांधायला तुमच्या घरचं एखादं तरुण पोरगं पाठवा. टोळ्यांचे ट्रक पाडव्यानंतर निघायला लागतात. जे द्यायचं ते त्याआधी द्या.