घरचें धुणें आणि सोलापूरचें पाणी

सोलापूर हें कापडाचें गांव. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक पुढें तिला जुनी गिरणी म्हणूं लागले. त्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. तथापि तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं येथें रुजविलेला मागाचा धंदा यंत्रमागांच्या रूपानें अद्यापि चालू आहे, आणि सोलापुरी चादर व टर्किश टॉवेल या दोहोंना भारत सरकारच्या भौगोलिक निर्देशनाच्या नोंदवहींत आपापलें स्थान मिळालें आहे. पण कापड कितीही चांगलें विणलें, तरी त्याचें आयुष्य मागावर अर्धेंच ठरतें. उरलेलें अर्धें मोरींतल्या दगडावर ठरतें. चादर विरली, टॉवेल खरखरीत झाला, सदऱ्याची पांढराई गेली, म्हणजे बोल लागतो तो विणकराला किंवा दुकानदाराला. खरा दोष पुष्कळदां धुण्याच्या रीतीचा असतो.

कपडा स्वच्छ होतो तो चार गोष्टींच्या बळावर. साबण, ऊब, घासणें आणि वेळ या त्या चार गोष्टी होत. हर्बर्ट सिनर नांवाच्या जर्मन तज्ज्ञानें १९५९ सालीं या चारांचें नातें एका वर्तुळाच्या आकृतीनें दाखविलें. वर्तुळाचा एक भाग लहान केला, तर दुसरा तितकाच मोठा करावा लागतो, एवढेंच त्याचें म्हणणें. जुन्या काळच्या परटाला हें आकृतीवांचून ठाऊक होतें. तो कपडे खाराच्या पाण्यांत भिजवून भट्टीवर चढवी आणि वाफेला आपलें काम करण्यास पुरेसा अवधि देई. घरच्या धुण्यांत मात्र सगळा भार साबणावर आणि मनगटावर पडतो. साबणाला पैसा लागतो, घासण्यानें सूत तुटतें आणि धुणाऱ्या बाईचे खांदे दुखतात. वेळ तेवढा फुकट मिळतो, आणि नेमका त्याचाच उपयोग सर्वांत कमी केला जातो.

या चारही गोष्टी ज्या माध्यमांतून काम करतात तें पाणी. सोलापूरच्या धुण्याचें अर्धें मर्म पाण्यांत आहे. शहरास पाणी येतें तें मुख्यतः भीमेवरील उजनीच्या जलाशयांतून. हें धरण १९८० सालीं पूर्ण झालें. परंतु नळाचें पाणी वर्षानुवर्षें कांहीं दिवसांच्या अंतरानें मिळत आल्यामुळें तें पिण्यासाठीं राखून ठेवावें आणि धुण्यास विंधणविहिरीचें पाणी घ्यावें, असा प्रघात पुष्कळ घरांत पडला. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपलेल्या या पाण्यांत चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यालाच कठीण पाणी म्हणतात. साबण या क्षारांशीं संयोग पावून त्याचा चिकट साका बनतो. फेस होत नाहीं, म्हणून आणखी साबण लावला जातो. तोही पुन्हा साका होतो. हा साका सुतांत अडकून बसतो. पांढरा कपडा करडा दिसतो, टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि वाळल्यावर अंगाला बोचतो.

पाण्याची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. एका कांचेच्या बाटलींत अर्धें पाणी घ्यावें, त्यांत अंगाच्या साबणाचा लहानसा कीस टाकून बाटली जोरानें हलवावी. दुसऱ्या बाटलींत पावसाचें किंवा यंत्रानें शुद्ध केलेलें पाणी घेऊन तेंच करावें. जेथें फेस उभा राहतो तें पाणी मृदु; जेथें पाणी गढूळ होऊन वर साय धरते तें कठीण. कठीण पाण्यावर सोपा उपाय धुण्याच्या सोड्याचा आहे. १५ लिटरच्या बादलीस चहाचे एक ते दोन सपाट चमचे सोडा पुरतो. तो आधीं थोड्या गरम पाण्यांत विरघळवून बादलींत घालावा, पाणी कांहीं तास स्थिर ठेवावें आणि तळाशीं बसलेला गाळ न ढवळतां वरचें निवळ पाणी घ्यावें. साबणाची बचत येथूनच सुरू होते. मात्र सोड्याचें पाणी लोकर व रेशीम यांस कधींही लावूं नये. सोडा त्या तंतूंना खातो. हल्लींच्या धुण्याच्या पुडींचा साका होत नाहीं हें खरें. पण कठीण पाण्यांत त्यांचाही जोर कमी पडतो, आणि मूठभर अधिक घातलेली पूड काढून टाकण्यास पाणीही अधिक लागतें.

पाणी सिद्ध झाल्यावर पाळी येते ती निवडण्याची आणि भिजविण्याची. पांढरे, फिक्या रंगाचे आणि गडद असे तीन ढीग करावे. अतिशय मळलेले कपडे चौथ्या ढिगांत टाकावे. गळपट्टी व बाह्यांच्या कडा यांना भिजविण्यापूर्वींच साबण चोळून ठेवावा. कोमट पाण्यांत पूड पूर्ण विरघळल्यावरच कपडे आंत सोडावे आणि अर्धा ते एक तास स्वस्थ राहूं द्यावे. एवढ्या अवधींत मळ आपण होऊन सुटतो. त्यानंतर हातानें हलकें चुबकणें पुरतें. रात्रभर भिजत ठेवणें हा मात्र दुसरा अतिरेक होय. त्यानें रंग एकमेकांस लागतात, सुटलेला मळ पुन्हा बसतो आणि उन्हाळ्यांत वासही येतो.

सोलापुरी चादरीविषयीं एक समजूत घरोघरीं आढळते. नवी चादर मिठाच्या पाण्यांत बुडविली कीं तिचा रंग पक्का होतो, असें समजतात. मिठाचा उपयोग रंगाऱ्याच्या हौदांत खरोखर आहे. तेथें तें रंगाला पाण्यांतून सुताकडे ढकलतें. परंतु विणून तयार झालेल्या कापडावरचा सुटा रंग मीठ बांधून ठेवीत नाहीं. फार तर त्या वेळेपुरतें त्याचें सुटणें कमी होतें. नव्या गडद चादरींतून पहिल्या कांहीं धुण्यांत निघतो तो सुताला न बसलेला जादा रंग. तो निघून जाऊं द्यावा हेंच बरें. म्हणून पहिलीं तीन-चार धुणीं थंड पाण्यांत आणि स्वतंत्र करावीं. संशय असल्यास चादरीचा आंतला कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानें घासून पाहावा. फडक्यास रंग लागला, तर ती आणखी कांहीं काळ वेगळीच धुवावी. ओली चादर गोळा करून कधीं ठेवूं नये, कारण एका पट्ट्याचा रंग दुसऱ्यावर उतरतो. धोपाटण्यानें बडविणें तर टाळावेंच. टॉवेलाच्या अंगावर सुताचे बारीक फांस असतात, आणि पाणी टिपण्याचें काम तेच करतात. बडविल्यानें ते तुटतात. सुवासिक मऊ द्रावानें ते माखले जाऊन पाणी घेईनासे होतात. खरखरीत झालेल्या टॉवेलास शेवटच्या पाण्यांत दोन-तीन चमचे पांढरा शिरका द्यावा आणि वाळत घालण्यापूर्वीं दोन वेळां जोरानें झटकावा. फांस पुन्हा उभे राहतात.

डागांच्या बाबतींत उतावीळपणा नडतो. रक्त, दूध व अंडें यांच्या डागांस प्रथम थंड पाणीच हवें. ऊन पाण्यानें ते शिजून घट्ट बसतात. शेंगाचटणीचें तेल सांडलें, तर पाणी लावण्यापूर्वीं त्यावर कोरडें पीठ दाबून तेल टिपून घ्यावें आणि मग साबण चोळावा. यात्रेंत नेसलेल्या पांढऱ्या बाराबंदीवर हळदीचा डाग पडला, आणि साबण लागतांच तो लालभडक झाला, म्हणजे घरांत घबराट होते. त्यांत भिण्याजोगें कांहींच नाहीं. हळदीचा रंग खारट द्रव्यांत लाल होतो आणि पाण्यानें खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो. तोच रंग प्रकाशापुढें टिकत नाहीं. साबणानें धुऊन बाराबंदी ओलीच कडक उन्हांत टाकावी, आणि लागल्यास दोन दिवस तसेंच करावें. जें काम हातानें होत नाहीं तें सूर्य करतो. लोखंडी बादलीच्या वा तारेच्या तांबेऱ्यावर लिंबू व मीठ लावून ऊन द्यावें. त्यावर क्लोरीनचें विरंजक घातल्यास तांबेरा उलट पक्का होतो.

या विरंजकाविषयीं एक इशारा कधीं विसरूं नये. मोरी किंवा शौचकूप धुण्याचें आम्ल, शिरका, लिंबू किंवा नवसागराचा अर्क यांपैकीं कशाशींही तें मिसळूं देऊं नये. त्या मिश्रणांतून विषारी वायु निघतो, आणि दार-खिडकी लावलेल्या लहान मोरींत तो प्राणावर बेतूं शकतो. विरंजक वापरावयाचें तर फक्त पांढऱ्या सुती कपड्यांवर, पाण्यांत पातळ करून, खिडकी उघडी ठेवून वापरावें.

धुण्यांत सर्वांत अधिक पाणी जातें तें खळबळण्यांत. येथें थोडें गणित उपयोगी पडतें. समजा, पिळून काढलेल्या कपड्यांत २ लिटर साबणाचें पाणी उरलें आहे आणि हाताशीं १८ लिटर स्वच्छ पाणी आहे. तें सर्व एकदम घालून पिळलें, तर साबणाचा दहावा हिस्सा कपड्यांत राहतो. तेंच पाणी ६-६ लिटर असें तीन वेळां घेतलें आणि दर वेळीं कपडे पिळले, तर अवघा चौसष्टावा हिस्सा उरतो. पाणी तेवढेंच, परिणाम सहापटींहून अधिक. ज्या गांवांत पाण्याची वाट पाहावी लागते, तेथें हें गणित प्रत्येक मुलामुलीस यावें. शेवटच्या खळबळीचें पाणी पुढच्या ढिगाच्या भिजवणीस किंवा फरशी पुसण्यास घ्यावें. सोडा घातलेलें पाणी मात्र झाडांना घालूं नये. त्यांतील सोडियमानें काळी माती घट्ट होऊन तिच्यांत पाणी मुरेनासें होतें.

धुलाईयंत्र आलें म्हणून हे नियम बदलत नाहींत. यंत्राचें पिंप पाऊणभरच भरावें. कपड्यांना उलटण्यास जागा नसेल, तर ते नुसते ओले होतात. जाड चादर अन्य जड कपड्यांबरोबर घालूं नये. पाणी तापविणाऱ्या यंत्रांत कठीण पाण्याचा चुना आंतल्या तापकावर थर धरतो. म्हणून अधूनमधून यंत्र रिकामें ठेवून लिंबाच्या फुलानें, म्हणजे सायट्रिक आम्लानें, चालवावें.

रेशमी वस्त्रांसाठीं रिठ्याइतकें सौम्य द्रव्य दुसरें क्वचितच मिळेल. त्याचा फेस कठीण पाण्यांत साबणासारखा नासत नाहीं. साधें रेशीम रिठ्याच्या थंड पाण्यांत बुडवून काढावें, पिळूं नये, आणि टॉवेलांत गुंडाळून पाणी टिपावें. जरीची पैठणी मात्र घरीं धुण्याच्या फंदांत पडूं नये. ती जाणत्या धुलाईवाल्याकडेच द्यावी. निळीविषयीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं ती मळ काढीत नाहीं. पिवळटपणा डोळ्यांस दिसूं देत नाहीं, इतकेंच. म्हणून ती स्वच्छ धुतलेल्या कपड्यासच द्यावी, आणि फडक्यांतून गाळून द्यावी, म्हणजे ठिपके पडत नाहींत. खळ दिलेले कपडे पावसाळ्यांत पेटींत साठवूं नयेत. खळीवर बुरशी येते आणि कसर लागते.

राहिलें ऊन. वैशाखांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां कपडे पाहतां पाहतां वाळतात. परंतु तेंच ऊन रंग उडवितें आणि सुताला ठिसूळ करतें. पांढरे कपडे, पंचे, लहान मुलांचीं दुपटीं आणि आजाऱ्याचीं अंथरुणें यांना कडक ऊन अवश्य द्यावें. रंगीत कपडे उलटे करून वाऱ्याच्या सावलींत वाळवावे आणि वाळतांच काढावे. लोकरीचे कपडे दोरीवर न टांगतां सपाट पसरावे.

ओल्या चादरीचें वजन एका बाईच्या हाताला फार होतें. ती एकटीनें उचलून पिळावयाची म्हणजे कंबरेचें दुखणें विकत घ्यावयाचें. चादर पिळूं नये. दगडावर घडी करून निथळूं द्यावी, मग दोघांनीं दोन्हीं टोकें धरून दोन समांतर दोऱ्यांवर पसरावी, म्हणजे भार वांटला जाऊन वीण ताणली जात नाहीं. हें दुसरें माणूस घरांतला पुरुष असावयास किंवा मोठा मुलगा असावयास कांहींच हरकत नाहीं. ज्या शहरांत असंख्य पुरुषांचे हात चादर विणण्यांत झिजले, तेथें ती वाळत घालण्यास पुरुषाच्या हातानें लाजावें असें त्यांत काय आहे? धुण्यास वेळ दिला, पाणी ओळखलें आणि दोन हातांना आणखी दोन हात मिळाले, तर कापड अधिक वर्षें टिकेल, आणि धुणाऱ्या बाईचे खांदेही टिकतील.