फियाट सरळ चालावी म्हणून

जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले की लोक काय पाहतात? रंग पाहतात, बंपरच्या क्रोममध्ये स्वतःचा चेहरा पाहतात, बॉनेट उघडे असेल तर इंजिनाकडे पाहून जाणकारासारखी मान डोलावतात. गाडीखाली वाकून टाय रॉड पाहणारा माणूस मला आजवर एकच भेटला. ते आमचे मिस्त्री.

माझ्याकडे 1976 ची प्रीमिअर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. कंपनीने नाव पद्मिनी ठेवले तरी घरोघरी ती ‘फियाट’च राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा लोक हळहळले. हळहळणे सोपे असते. गाडी रस्त्यावर ठेवणे हे निराळे काम आहे.

पत्रा, रंग, गाद्या, वायरिंग असे सगळे होता होता दोन वर्षे गेली. मेमध्ये वाईला पुतणीचे लग्न होते आणि याच गाडीने जायचे, असे घरात ठरून गेले होते. म्हणजे खंबाटकीचा घाट आला, मागच्या सीटवर ऐंशी वर्षांची आई आली. आणि गाडी साठच्या वर गेली की भरकटत होती. स्टिअरिंग सरळ धरावे तर ती हळूच डावीकडे, सावरावे तर उजवीकडे.

अलाइनमेंटच्या एका मोठ्या दुकानात नेली. चाकांना पाट्या लावल्या, समोर कॅमेरे, पडद्यावर गाडीचे चित्र. मुलगा यादी खालीवर करून म्हणाला, “काका, तुमची गाडी यात नाही. दुसरी एखादी छोटी गाडी टाकतो.” त्याने आजकालची एक छोटी गाडी निवडली, टाय रॉड फिरवले, सगळे आकडे हिरवे झाले. स्टिअरिंग जरा तिरके राहिले होते. तेही काढून सरळ बसवून देतो म्हणाला. एवढे मात्र मी करू दिले नाही. बाहेर पडल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त भरकटू लागली.

यात यंत्राची चूक नव्हती. यंत्र अंशाच्या बारीक भागापर्यंत अचूक मोजते. प्रश्न एवढाच, की मोजलेले कशाशी ताडून पाहायचे? आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाके ओढतात. ओढताना ती आतल्या बाजूला वळू पाहतात, म्हणून बऱ्याचशा गाड्यांत ती जवळजवळ समांतर ठेवलेली असतात. फियाटला मागची चाके ढकलतात. त्यामुळे पुढची चाके बाहेर फाकू पाहतात, आणि म्हणून ती उभ्या गाडीत किंचित आत वळवून ठेवायची. हेच ते ‘टो-इन’. एकीचे माप दुसरीला लावले की चाके चालत्या गाडीत फाकतात.

आणि माप तरी केवढे? टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरात काही मिलिमीटरचा फरक. पण समजा तो सहा मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक पुढचा टायर दर किलोमीटरला सुमारे पाच मीटर आडवा घासला जातो. पुणे ते वाई नव्वदएक किलोमीटर धरा. साडेचारशे मीटर टायर आडवा ओढत नेल्यासारखेच झाले.

मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि अलाइनमेंटचा विषयच काढला नाही. “साहेब, आधी ढिलाई बघू. ढिल्या गाडीचं माप घेऊन काय करणार?” गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवले; थोडे हलले. मग पोराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवले. आता हलले नाही. “किंग पिन चांगली आहे, बेअरिंग घट्ट करायचंय.” ब्रेक दाबला की चाक आणि ड्रम मागच्या प्लेटशी जखडतात, बेअरिंगमधली हालचाल बंद होते, तरीही हलले असते तर दोष किंग पिनचा. पन्नास रुपयांचेही हत्यार न लागणारी ही परीक्षा मला फार आवडली.

मग चाक डावी-उजवीकडे हलवले आणि खरा चोर सापडला: आयडलर आर्मचा बुश. नवाच बसवलेला होता, पण ‘नवा’ म्हणजे कुठल्याशा दुकानात तीस-एक वर्षे पाकिटात पडून राहिलेला. रबर पाकिटातही म्हातारे होते. कंपनीचा जुना शिल्लक माल म्हणून आपण हौसेने पैसे मोजतो. धातूच्या वस्तूंना ते ठीक, रबराला नव्हे.

स्टिअरिंग काढू दिले नाही म्हणून मिस्त्री खूश झाले. जुन्या फियाटच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये मळसूत्रासारखा वर्म आणि त्यावर फिरणारा रोलर असतो. त्यांची पकड बरोबर मध्यावर सर्वांत घट्ट, बाजूला ढिली. नुसते चक्र काढून सरळ बसवले तर दिसायला छान, पण बॉक्स मध्यावरून सरकलेला, म्हणजे सरळ रस्त्यावर कायमची ढिलाई. खरा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवून चाकेच मध्यावर आणणे.

मागचा अॅक्सल अखंड असल्याने तिथे अलाइनमेंट नसते, असा समज आहे. मिस्त्रींनी तरीही दोन्ही बाजूंनी पुढच्या ते मागच्या चाकाचे अंतर टेपने मोजले. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असता, तर पुढे काहीही केले तरी गाडी खेकड्यासारखीच चालली असती. अंतर सारखे निघाले.

मग टायरमध्ये हवा, मला ड्रायव्हरच्या जागी बसवले, शेजारी एक पोरगा. फिरत्या टायरवर खिळ्याने रेघ ओढून त्यांनी पुढून-मागून माप घेतले. मॅन्युअलातला आकडा जुन्या क्रॉसप्लाय टायरसाठीचा; मी रेडियल घातलेत, त्यांना टो-इन थोडे कमी पुरते, म्हणून त्यांनी दिलेल्या मर्यादेतले खालचे टोक धरले.

नंतर आम्ही दुसऱ्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. यादीतली गाडी न निवडता आपले आकडे हाताने भरता येतात, हे त्याला माहीत होते. यंत्राने खिळ्याच्या रेघेशी अर्ध्या मिलिमीटरचाच फरक दाखवला. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

घाट व्यवस्थित पार पडला. उतारावर वळणाबाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून हातात सरळ येत होते. आई सुरूरपर्यंत झोपली होती. नव्या स्प्रिंगा बसतात, उंची बदलते, म्हणून पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा दाखवायला या, असे मिस्त्रींनी बजावले आहे. सध्या चारशे दहा झालेत.